उंबरा, नांगर, कोयता : माणसं मोजणाऱ्या वह्यांची गोष्ट

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत आवाजच ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. थोडं इकडचं-तिकडचं बोलणं गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.

गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत एकच प्रश्न विचारला गेला. "नोंद सापडली का?" सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि ज्या वह्यांकडे पन्नास-साठ वर्षं फक्त वाळवीनं लक्ष दिलं होतं त्या वह्या टेबलावर आल्या. मोडी वाचता येणाऱ्या माणसांना अचानक मागणी आली. कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही. शाळेचं जनरल रजिस्टर. पाहणी पत्रक, खासरा पत्रक, फेरफार. ज्यांनी हे शब्द कधी ऐकले नव्हते ती पोरं व्हॉट्सॲपवर त्यांचे फोटो फिरवायला लागली.

आरक्षणाच्या बाजूनं किंवा विरुद्ध आज काही बोलायचं नाहीये. मला त्या वह्यांबद्दल बोलायचंय. कारण गंमत बघा, यातली एकही वही तुमचा पणजोबा कोण होता हे सांगण्यासाठी लिहिलेली नव्हती. गावात कोण जन्मलं, कोण मेलं आणि कशानं मेलं हे लिहून ठेवलं जायचं, कारण इंग्रज सरकारला पटकी, देवी, प्लेग यांचा हिशेब हवा होता. शाळेच्या रजिस्टरात नाव आलं, कारण पटावर किती पोरं हे दाखवायचं होतं. पाहणी पत्रक शेतसाऱ्यासाठी. माणूस त्यात आला तो जाता जाता.

आणि दुसरी गंमत. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत घरोघर जाऊन जात विचारली गेली, लिहिली गेली. मग आजोबांची नोंद जनगणनेच्या कागदांत शोधायला कोणी का गेलं नाही? दोन कारणं. एक म्हणजे तक्ते तयार झाले, पुस्तकं छापली गेली की घराघराची मूळ पत्रकं जपून ठेवायची पद्धत नव्हती. दुसरं कारण कायद्याचं. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की जनगणनेत तुमच्याबद्दल काय लिहिलं ते पाहायला कोणालाही मिळणार नाही, आणि ते कोर्टात पुरावा म्हणूनही चालणार नाही. म्हणजे जनगणना तुमचं नाव विचारते, पण तिला तुम्ही एक आकडा म्हणूनच हवे असता. मोजून झालं की ती नाव सोडून देते. वही मात्र नाव धरून ठेवते. ती शंभर वर्षांनीही बोट दाखवते, हा अमक्याचा मुलगा.

ही दोन वेगळी कामं आहेत, मोजणं आणि ओळखणं. आजचा भाग आहे या दोन कामांची सरमिसळ करण्याबद्दल. कारण जगात आता असा विचार जोरात आहे की सगळं रजिस्टरमध्ये आहेच, तर दारोदार हिंडायचं कशाला? सगळ्या वह्या एकमेकींना जोडा, बटण दाबा, आली जनगणना.

हे नुसतं स्वप्न नाही. डेन्मार्कनं केलंय. तिथं १९६८ मध्ये प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळाला, आणि १९८१ ची जनगणना एकाही घराची बेल न वाजवता झाली. पूर्णपणे रजिस्टरवरून झालेली ती जगातली पहिली. १९९० मध्ये फिनलंडनं तेच केलं, नंतर नॉर्वे, स्वीडन, ऑस्ट्रिया. स्वीडनला तर याची जुनीच सवय. तिथल्या चर्चचे पाद्री गावातला जन्म, लग्न, मरण लिहून ठेवायचे, आणि १७४९ पासून त्या वह्यांवरून देशाचे आकडे काढले जायचे. या सगळ्या देशांत एक नियम सारखा आहे आणि तो नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. घर बदललं की माणूस स्वतः जाऊन कळवतो. पत्ता बदलला आणि कळवलं नाही असं चालत नाही.

आता तिकडून सरळ भवानीनगरला येऊ. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की रस्त्यात लागतं. आजूबाजूला ऊस, नीरा डाव्या कालव्याचं पाणी, श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याची चिमणी, शेजारी सणसर. आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्यानं जाते आणि पुढे बेलवाडीला रिंगण होतं. तालुका इंदापूर. माणसं कशी मोजायची, जमीन कशी मोजायची, कागदावर काय लिहायचं, याचे फार मोठे प्रयोग या तालुक्यात झालेत. शाळेच्या पुस्तकात ते एका ओळीत उरकतात, म्हणून इथं जरा थांबू.

आधी शब्दांकडे बघा. आपण आज 'जनगणना' म्हणतो. आजोबांच्या पिढीतली वर्तमानपत्रं 'शिरगणती' म्हणायची. शिरं मोजणं. त्याआधीचा शब्द 'खानेसुमारी'. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. मराठेशाहीत गावाची, कसब्याची खानेसुमारी व्हायची, म्हणजे घरं मोजली जायची. कोणाचं घर, कोणती जात, काय धंदा, कधी कधी घरात माणसं किती आणि दावणीला जनावरं किती. आपल्या बोलण्यातही ते राहिलंय. गावाकडची म्हातारी माणसं अजून म्हणतात, "शंभर उंबऱ्यांचं गाव." माणसं किती हे ती सांगत नाहीत. उंबरे सांगतात.

यामागे साधं कारण आहे. पट्टी घरावर बसायची. सारा जमिनीवर बसायचा. तेली, कोष्टी, साळी यांच्यावर मोहतर्फा बसायचा तो धंद्यावर. सरकारला उंबरा दिसायचा, नांगर दिसायचा, माग दिसायचा. उंबऱ्याच्या आत चार माणसं आहेत की चौदा, हे कळलं तर बरं, नाही कळलं तरी काही अडत नव्हतं.

आणि हे लिहायचं कोण? कुलकर्णी. त्याचं दफ्तर चावडीत कमी आणि त्याच्या घरात जास्त. वतनाबरोबर कागदही त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या. म्हणजे रजिस्टर होतं, पण ते सरकारचं किती आणि कुलकर्ण्याचं किती, हा प्रश्नच होता. पुण्याच्या पेशवे दफ्तरात या सगळ्याचे ढीगच्या ढीग मोडी कागद आहेत. इंदापूर परगण्याचेही आहेत. त्यावर मिचिहिरो ओगावा या जपानी अभ्यासकानं संशोधन केलंय. जपानहून येऊन माणूस मोडी शिकला, आणि आपल्याला आजोबांची सही वाचता येत नाही. असो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. नव्या राज्यकर्त्यांना पहिला प्रश्न पडला, आपल्या हाती नेमकं आलंय काय? मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन. त्यानं १८२४ मध्ये विल्यम हेन्री सायक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला 'आकड्यांचा बातमीदार' म्हणावं अशा एका नव्या पदावर नेमलं. माणूस अफाट. पक्षी, मासे, पाऊस, हवा, गावगाडा, सगळ्याच्या नोंदी ठेवायचा. दख्खनमधल्या एका चंडोलाला आजही त्याचं नाव आहे. त्यानं पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची माहिती गोळा केली आणि तिचा मोठा अहवाल १८३८ मध्ये छापून आला. त्यात लोकसंख्या आहे, घरं आहेत, जनावरं आहेत. पुढे लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत तो होता, १८६० च्या दशकात तिचा अध्यक्षही झाला. म्हणजे आपल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या कागदांवर हात बसवलेला माणूस विलायतेतल्या आकडेशास्त्राच्या खुर्चीवर जाऊन बसला.

सायक्सच्या आकड्यांचा मोठा आधार होता गावकामगार आणि मामलेदार यांच्याकडून आलेले तक्ते. आजच्या भाषेत ती रजिस्टरवरून काढलेली लोकसंख्याच. भवानीनगरच्या परिसराची पहिली 'रजिस्टर जनगणना' हवी असेल तर ती डेन्मार्कच्या दीडशे वर्षं आधी झालीय म्हणा की. फक्त तिच्यात उंबऱ्यामागचं शिर किती नीट मोजलं गेलं असेल, याची खात्री सायक्सलाही कुठून असणार.

त्याच काळात इंदापुरात दुसरा प्रयोग चालू होता. रॉबर्ट कीथ प्रिंगल. हा हेलीबरीच्या कॉलेजात शिकलेला, आणि त्याचा मास्तर कोण, तर लोकसंख्येवर निबंध लिहिणारा तो प्रसिद्ध माल्थस. प्रिंगलच्या डोक्यात एक स्वच्छ हिशेब होता. शेताचं उत्पन्न काढा, त्यातून खर्च वजा करा, जे निव्वळ राहील त्यातले ५५ टक्के सरकारचे. त्यासाठी शेतं मोजली, जमिनींची प्रतवारी लावली, पिकाचे आणि खर्चाचे अंदाज गोळा केले. कागद इतका देखणा की बघत राहावं. प्रत्येक शेताला आकडा.

आणि तो आकडा खोटा होता. माहिती गोळा करणाऱ्या खालच्या लोकांनी पैसे खाऊन प्रतवारी फिरवली, अंदाज जमिनीवरच्या परिस्थितीशी जुळेनात, सारा झेपेना. थोड्याच वर्षांत इंदापूर तालुक्यात शेतं पडीक पडली, माणसं गाव सोडून गेली. रजिस्टरमध्ये शेत होतं, त्याचा सारा होता, थकबाकीही वाढत होती. नांगर धरणारा माणूस तिथं नव्हता.

मग १८३५ नंतर हेन्री गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट हे दोघं आले. त्यांनी इंदापूर पुन्हा मोजलं, निव्वळ उत्पन्नाचं गणित बाजूला ठेवलं, माती खणून तिची खोली आणि रंग बघून प्रतवारी लावली, सारा कमी केला आणि तो तीस वर्षं बदलणार नाही असं सांगितलं. १८३६ मध्ये इंदापुरात बसलेली ही पद्धत पुढे जवळजवळ सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. आज मोबाईलवर जो सातबारा डाउनलोड करता, त्याच्या घराण्याचा मूळपुरुष इथला आहे. इंदापूरकरांनी याचा एक बोर्ड तरी लावायला हवा, टोलनाक्याजवळ.

या दोन मोजण्यांत फरक कशानं पडला? साऱ्याचा दर, हे तर आहेच. पण मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. प्रिंगलची माहिती वरच्या टेबलावर जाईपर्यंत चार हातांतून गेली, आणि त्यातल्या प्रत्येक हाताला त्या आकड्यात काही ना काही फायदा होता.

सरकारला हे हळूहळू कळत गेलं. १८७२ मध्ये मुंबई इलाख्यात घरोघर मोजणी झाली. १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री तर सगळ्या हिंदुस्थानात एकाच रात्री. मोजणारे पुष्कळदा तेच, पाटील, कुलकर्णी, शाळामास्तर. पण आता त्यांना घरातली वही काढून आकडा लिहायचा नव्हता. दारात उभं राहून विचारायचं होतं. मध्ये १८७६-७८ चा दुष्काळ येऊन गेला होता. इंदापूर, भीमथडी, सोलापूर या पट्ट्याला त्याचा सगळ्यात मोठा फटका. जुन्या वहीवर विसंबून १८८१ चा आकडा काढला असता, तर मेलेली आणि देशोधडीला लागलेली माणसं त्यात जिवंत आणि गावातच दिसली असती.

हेच रजिस्टरचं पहिलं दुखणं. रजिस्टरमध्ये माणूस येतो पटकन, जातो फार सावकाश.

पटत नसेल तर सातबारा बघा. महाराष्ट्रात २०२५ मध्ये सरकारनं एक मोहीम काढली, तिचं नावच 'जिवंत सातबारा'. कशासाठी? तर उताऱ्यावर वर्षानुवर्षं मेलेल्या खातेदारांची नावं तशीच होती, ती काढून वारसांची लावायला. म्हणजे आपल्याकडे जमिनीचे मालक मोजायला सातबारा घेतला, तर त्यात हयात किती आणि वैकुंठवासी किती हे आधी वेगळं करावं लागेल. आधारचंही तसंच. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. पंधरा वर्षांनी, २०२५ मध्ये, मृत व्यक्तींचे २ कोटींहून जास्त आधार क्रमांक बंद केल्याचं जाहीर झालं. दोन कोटी! नेदरलँड्सची सगळी लोकसंख्या यापेक्षा कमी आहे.

मेलेल्यांचं एक बरं असतं, ते उशिरा का होईना वहीतून निघतात. दुसरं दुखणं याहून अवघड आहे. हलणारी माणसं.

दिवाळीच्या आसपास भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर, सगळ्या कारखान्यांच्या परिसरात मोकळ्या रानात एका रात्रीत वस्त्या उभ्या राहतात. बीडहून, अहिल्यानगरहून, जळगाव-नंदुरबारकडून टोळ्या येतात. कोप्या पडतात. पुढचे चार-पाच महिने ती माणसं इथली असतात. इथला ऊस तोडतात, इथल्या दुकानातून पीठ-मीठ घेतात, इथल्या दवाखान्यात बाळंत होतात.

ती कोणत्या वहीत असतात? मुकादमाच्या वहीत. आणि त्या वहीत मोजायचं माप आहे कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर दिली जाते, हिशेब कोयत्यावर होतो. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. पेशवाईत उंबरा, साऱ्यात नांगर, आणि इथं कोयता. बाईचं नाव बहुधा त्या वहीत नसतंच, ती कोयत्याचा अर्धा भाग. आणि पोरं? सहा वर्षांची पोरगी धाकट्या भावाला सांभाळत कोपीपाशी बसलेली असते, ती कोणत्याच वहीत नसते. तिच्या गावच्या शाळेच्या पटावर नाव आहे, पण ती तिथं नाही. इथं ती आहे, पण इथल्या पटावर नाव नाही. बऱ्याच कारखान्यांत करार होतो मुकादमाशी आणि वाहतूकदाराशी, त्यामुळे तोडणारा माणूस कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतो.

याच्या शेजारी ऊस ठेवून बघा. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात उसाची नोंद असते. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, जात ८६०३२ की २६५, लागण की खोडवा, आणि लागणीची तारीख. त्या तारखेवरूनच तोडणीचा कार्यक्रम लागतो. उसाची जन्मतारीख आपल्याकडे पक्की आहे. त्यात कोणाची चूक आहे असं मी म्हणत नाहीये. ज्याच्यावर पैसा चालतो त्याची वही चोख राहते, हे उंबऱ्याच्या काळापासून असंच आहे.

म्हणूनच राज्यात ऊसतोड मजूर किती, हे विचारलं तर कोणी ८ लाख सांगतं, कोणी १२, कोणी १५. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघालं, ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं काम सुरू झालं. चांगलंच आहे. पण तेही एक नवीन रजिस्टर. आणि ते मूळ गावात भरतं.

२०१९ ची एक गोष्ट सांगतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८० हजारांहून जास्त बायकांना विचारलं गेलं, आणि १३ हजारांहून जास्त जणींची शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. एवढी मोठी गोष्ट. दवाखान्यांत कागद असतील, सुट्टे सुट्टे. पण त्या सगळ्या एकाच धंद्यातल्या बायका आहेत, हे कोणत्याही रजिस्टरवरून दिसत नव्हतं. दारात जाऊन विचारलं तेव्हा दिसलं.

आता गणित करू. समजा उद्या आपण डेन्मार्कसारखी जनगणना केली. बीडचं कुटुंब रेशनकार्डावर बीडमध्ये, आधारवर बीडमध्ये, मतदारयादीत बीडमध्ये. भवानीनगरच्या आकड्यात शून्य. घर बदललं की कळवायचं, हा नियम आठवतोय ना? पाच महिन्यांसाठी कोपीत राहायला आलो, हे कळवायचं कोणाला? त्याचा फॉर्मच नाही.

आणि दारोदारची जनगणना काय करते? २०११ ला मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी. गाळप हंगाम ऐन भरात. नियम असा की या सगळ्या दिवसांत जो माणूस आपल्या घरी नव्हताच, त्याला जिथं सापडेल तिथं मोजायचं. म्हणजे नियमाप्रमाणे बीडचं कुटुंब इंदापूर तालुक्यात मोजलं जायला हवं. मग बीडच्या गावाची लोकसंख्या कमी दिसते, आणि गावाला मिळणारा निधी, शाळा, दवाखाना त्या आकड्यावर ठरतो. रजिस्टरची चूक एका बाजूची, गणनेची दुसऱ्या बाजूची. माझ्या मते तरीही दुसरी चूक बरी. तिच्यात निदान कोणीतरी कोपीपर्यंत चालत जातं.

अजून एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना मी थोडा गंभीर होणार आहे. समजा रजिस्टर अगदी अचूक झालं. एकही मेलेला नाही, एकही सुटलेला नाही. मग?

नेदरलँड्समध्ये असं रजिस्टर होतं. प्रत्येक माणसाचं कार्ड, त्यावर पत्ता, त्यावर धर्म. १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं, आणि ती कार्डं आयती हातात पडली. ज्यू कोण, कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर, शोधायचं कामच उरलं नाही. तिथले सुमारे १ लाख ४० हजार ज्यू, त्यातले १ लाखाहून जास्त मारले गेले. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही चित्रकार, शिल्पकार, विद्यार्थी पोलिसांचे कपडे घालून ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत घुसले आणि त्यांनी कार्डांना आग लावली. थोडीच जळाली. बारा जणांना पुढे गोळ्या घातल्या. एक कचेरी, एक कपाट, त्यासाठी बारा माणसं. त्या देशात घरोघरची शेवटची जनगणना १९७१ ला झाली, तीही लोकांच्या विरोधात. त्यानंतर लोक दार उघडायला तयार नाहीत म्हणून सरकार रजिस्टरकडे वळलं. इतिहासाची ही कोलांटी मला अजून नीट पचलेली नाही.

आपल्याकडे? १९५१ ची जनगणना झाली तेव्हा तिच्यातूनच घरवार माहिती उतरवून एक राष्ट्रीय रजिस्टर लिहिलं गेलं. मोजणाऱ्या कागदावरून ओळखणारा कागद. बहुतेक राज्यांत ते विसरलं गेलं. आसाममध्ये मात्र त्याचा आधार घेऊन नागरिकत्व तपासलं गेलं, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये १९ लाखांहून जास्त माणसं यादीबाहेर राहिली. १९५१ मध्ये दारात आलेल्या माणसाला नाव सांगताना, किंवा त्या दिवशी घरी नसताना, कोणाला वाटलं असेल की अडुसष्ट वर्षांनी नातवाला त्या ओळीचा जाब विचारला जाईल?

आता पुढचं. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा २०२३ मध्ये बदलला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. जन्म-मृत्यूंचा देशभरचा एक साठा तयार होईल, आणि तो लोकसंख्या नोंदवही, मतदारयादी, आधार, रेशनकार्ड अशा इतर याद्या ठेवणाऱ्यांनाही देता येईल. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांना शाळेपासून लायसनपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य कागद. म्हणजे वह्या जोडायला सुरुवात झालेली आहे. मेलेला माणूस यादीतून वेळेवर निघेल, हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. पण कोतवालाच्या वहीतली एक ओळ जशी शंभर वर्षांनी हवीहवीशी झाली, तशी या साठ्यातली एखादी ओळ कोणाला नकोशीही होऊ शकते. आणि या साठ्याला कलम १५ चं कवच नाही.

तलाठ्याकडे गाव नमुन्यांची जी मालिका असते ना, सातबारा, आठ-अ वगैरे, त्यात नमुना १३ बघा कधी. त्याचा विषय आहे गावची लोकसंख्या आणि जनावरं. दोन्ही एकाच नमुन्यात. खानेसुमारी अजून पुरती गेलेली नाही.

२०२१ ला व्हायची जनगणना कोविडमुळे हुकली, ती आता होतेय. संदर्भ तारीख १ मार्च २०२७, मोजणी मोबाईल ॲपवर, जातीची नोंद आहे, आणि स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरायची सोयही आहे. पहिला टप्पा घरयादीचा, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात. प्रगणक घरं बघतो, त्यांना नंबर देतो, नकाशा काढतो. दुसरा टप्पा फेब्रुवारी २०२७ चा, त्यात माणसं.

आता भवानीनगरच्या बाजूनं हे वेळापत्रक वाचा. एप्रिल ते सप्टेंबर कारखाने बंद, टोळ्या आपापल्या गावी, ज्या रानात कोप्या पडतात तिथं नुसती ढेकळं नाहीतर घात आलेली जमीन. घरयादीत तिथं काहीच येणार नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण तिथं घर नाही. फेब्रुवारीत प्रगणक मोबाईल घेऊन येईल तेव्हा त्याच्या यादीत नसलेली साठ-सत्तर घरं त्याच रानात उभी असतील. टोळी पहाटेच फडात गेलेली. दुपारी गाड्या भरणं. रात्री काट्यावर रांग. कोपीवर सापडणार ती सहा वर्षांची पोरगी आणि तिच्या कडेवरचा भाऊ. यादीत नवीन घर जोडायची सोय प्रगणकाला असते. तो कोणत्या वेळी येतो, आणि दुसऱ्यांदा येतो का, एवढंच बघायचं.

इंदापूर-बारामती भागात ज्यांना प्रगणकाची ड्यूटी लागेल त्या शिक्षक मंडळींनी मेसेज जरूर करा. आणि तुमच्या गावात कोतवाल बुक कोणी बघितलं असेल, तर त्यात मरणाचं कारण म्हणून काय काय लिहिलेलं सापडलं तेही कळवा.